काळी-पिवळीच्या जिवावर

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत एका प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. त्या हिशेबानं ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिला धंदा करता येणार नव्हता, आणि तिच्यामागे रांगेत दुसरी पद्मिनी उरली नव्हती. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख छापले, लोकांनी काळ्या-पिवळ्या टपाला टेकून फोटो काढले, जुन्या सिनेमांतली टॅक्सीतली दृश्यं आठवली. हौसेनं घरची, खाजगी नंबराची पद्मिनी सांभाळणारी मंडळी मात्र हळहळत बसली नाहीत. त्यांनी पिशव्या घेतल्या आणि दुकानं गाठली. व्हील सिलिंडर, क्लच प्लेट, वॉटर पंप, डिस्ट्रिब्युटरची टोपी, फळीवर जे दिसेल ते.

टॅक्सी गेली म्हणजे काय गेलं, हे त्यांना बरोबर कळलं होतं. हौशी माणसाची गाडी रविवारी सकाळी निघते, वडापाव खाऊन परत येते. टॅक्सी दिवसभर पळते आणि पुष्कळदा दुसऱ्या पाळीत रात्रीही. किंगपिन, पाट्यांचे बुश, ब्रेकचे लायनर, पिस्टन रिंगा हे सगळं झिजवणाऱ्या हजारो टॅक्स्या होत्या, म्हणून ते बनवणारे लहान कारखाने चालत होते आणि दुकानदार तो माल उधारीवर का होईना भरून ठेवत होता. हौशी माणूस या बाजारातला फुकटा पाहुणा. त्याला वाटायचं, आपली गाडी साधी, देशी, म्हणून भाग स्वस्त. भाग स्वस्त होते ते टॅक्सीवाल्यानं ते महिन्याकाठी विकत घेतले म्हणून. ही गोष्ट विंटेज गाड्यांच्या चकचकीत पुस्तकांत येत नाही. तिथे महाराजे येतात.

महाराजांच्या गाड्यांचं दुखणं वेगळं आहे. १९३० च्या दशकातली रोल्स-रॉइस किंवा बेंटली ठेवणं खर्चाचं काम, पण तिच्यासाठी इंग्लंडात आजही भाग बनतात, कॅटलॉग निघतात, पैसे भरले की खोकं येतं. तो पैशानं सुटणारा प्रश्न आहे. पद्मिनीचा तसा नाही. जी गाडी प्रत्येक नाक्यावर उभी होती, तिच्या हेडलाइटचं कडं किंवा दाराचं हँडल जपून ठेवावं असं कुणाला का वाटेल? जे दुर्मीळ होतं ते लोकांनी राखलं. जे सगळीकडे होतं ते भंगारात गेलं.

गाडीची कुळकथा थोडक्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकन डॉज, प्लिमथ यांची जुळणी होत असे. मग फियाटशी हातमिळवणी झाली. १९५४ च्या सुमारास फियाट ११०० आली. तीच गोलमटोल, पुढची दारं उलटी उघडणारी, जिला आपल्याकडे सर्रास ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, आणि प्रेमानंच म्हणतात. १९६४ मध्ये चौकोनी अंगाची ११०० डी आली, नाव ‘डिलाइट’. इटलीत हे मॉडेल १९६२ ते १९६६ एवढंच बनलं. कुर्ल्यात ते मधल्या काळात ‘प्रेसिडेंट’ झालं, १९७४ पासून ‘पद्मिनी’ झालं आणि जवळजवळ शतक संपेपर्यंत चालू राहिलं. परवान्यांच्या राज्यात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणारं गिऱ्हाईक हाताशी असताना नवी गाडी काढायची घाई कुणाला होती? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली तेव्हा ती घाई झाली, पण तोवर उशीर झाला होता.

एकच गाडी पस्तीसेक वर्षं बनली, हे हौशी माणसाला वरदान वाटतं. निम्मं वरदान आहे. इंजिन तेच राहिलं: १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ चा स्ट्रोक, ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. पण अधूनमधून काहीतरी बदलत गेलं आणि ते कुणी गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. म्हणून दुकानात ‘पद्मिनीचा अमुक द्या’ म्हटलं की काउंटरमागून प्रश्न सुरू होतात. पेट्रोल का डिझेल? कारण १३७ डी नावाची डिझेल पद्मिनीही होती. डायनामो का अल्टरनेटर? हँड गिअर का खालचा? हँड गिअर म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरचा. अगदी शेवटच्या गाड्यांत तो जमिनीवर आला. गाडी कितव्या सालची? इथे मालक नोंदणीचं साल सांगतो आणि फसतो. गाडी बनली एका वर्षी, विकली गेली दुसऱ्या, आणि मधल्या एखाद्या मालकानं टॅक्सीचं इंजिन आणून बसवलं तिसऱ्या. तेव्हा साल सांगू नये, जुना भाग दाखवावा. या छंदातला एकमेव नियम जो कुणी मोडू नये तो हा, की नवा भाग बसून गाडी चालू होईपर्यंत तुटका भाग फेकायचा नाही. तो नमुना असतो. त्याच्यावरून दुसरा सापडतो, आणि नाहीच सापडला तर लेथवाला त्याच्यावरूनच नवा उतरवतो.

बाजार कुठले, हे सगळ्यांना माहीत असतं. मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपासची सुट्या भागांची दुकानं, कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड, आणि नशीब आजमावायचं असेल तर चोर बाजार. पुण्यात नाना पेठ. आणि रविवारी, बुधवारी भरणारा जुना बाजार, जिथे गोधडीवर मांडलेल्या नळाच्या तोट्यांमध्ये एखादा सोलेक्स कार्बोरेटर निघतो. लांबचे म्हणजे दिल्लीचं कश्मीरी गेट, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मलिक बाजार. मेरठच्या सोतीगंजचंही नाव पूर्वी घेतलं जायचं. तिथे चोरीच्या गाड्या मोडल्या जातात म्हणून २०२१ साली पोलिसांनी तो बाजारच बंद पाडला. यावरून शहाण्यानं बोध घ्यावा आणि इंजिन किंवा गिअरबॉक्स घेताना कागद मागावा. ब्लॉकवरचा नंबर घासलेला दिसला तर, भाव कितीही चांगला असो, उठून यावं.

पेठेतला दुकानदार सहसा माल नाही असं लगेच म्हणतो. त्याला वेळ द्यावा लागतो. नवशिका फोनवर फोटो दाखवून घाई करतो आणि रिकाम्या हातानं जातो. मुरलेला आधी दोन फिल्टर विकत घेतो, चहा घेतो, मग विचारतो. त्यानंतर माळ्यावरून धुळीनं भरलेला खोका खाली येतो. आत मेणकागदात गुंडाळलेला, कारखान्यातून निघाल्यापासून कुणी हात न लावलेला भाग. याला बाजारात ‘जुना कंपनी माल’ म्हणतात आणि त्याच्यासाठी माणसं वेडी होतात.

या वेडाला माझा निम्मा विरोध आहे. लोखंडी वस्तू असेल तर जरूर घ्यावी. तीस वर्षांपूर्वीचा कंपनीचा रॉकर शाफ्ट आजच्या लोकल शाफ्टपेक्षा नक्कीच बरा. पण रबर? रबर खोक्यातही म्हातारं होतं. ब्रेकचा होज, मास्टर सिलिंडरची वॉशरं, पेट्रोल पंपाचा डायफ्राम, इंजिन माउंटिंग हे ‘जुना कंपनी माल’ म्हणून जपून आणणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या गाडीत बसायला मला भीती वाटते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. मास्टर सिलिंडर एकच आणि तेलाची वाट एकच. एक होज फुटला की पायाखालचा पेडल थेट जमिनीवर. पुढचे मागचे वेगळे सर्किट नाहीत, दुसरी संधी नाही. हातब्रेक मागच्या दोन चाकांवर चालतो तेवढाच आधार. तेव्हा इथे अस्सलपणाचा हट्ट सोडावा आणि आज बनलेलं रबर घालावं. टायरचंही तेच. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. ५.२०-१४ मापाचे न वापरलेले जुने टायर स्वस्तात मिळाले म्हणून आनंदून जाण्याआधी तो आकडा वाचावा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडे हवेत पाणी किती असतं ते जुलैमध्ये भिंतीला हात लावला तरी कळतं. दोन वर्षांनी ते बदललं नाही तर सिलिंडर आतून गंजतो. गंजलेला सिलिंडर फेकायचा नाही, त्याला आतून स्लीव्ह बसवून घेता येते. चांगला लेथवाला हे काम करतो.

गंमत अशी की गाडीतले जे भाग फिरतात, घासतात, ज्यांच्यावर गाडी चालते, ते शोधणं तितकं अवघड नाही. बेअरिंगवर नंबर असतो. ६२०४ म्हणजे आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, रुंदी १४. ते पाण्याच्या मोटरीत असो, पिठाच्या गिरणीत असो वा गाडीत, जगभर तेच. ऑइल सीलची तीन मापं मोजली की कोपऱ्यावरच्या बेअरिंगवाल्याकडे ते मिळतं, त्याला पद्मिनी हे नाव सांगायचीही गरज नाही. फियाट इटालियन, त्यामुळे सगळं मिलिमीटरमध्ये. दहा, तेरा, सतरा, एकोणीसचे पाने चालतात. अॅम्बेसेडरवाल्यांना विचारा, त्यांच्या इंची बोल्टांपायी पेटीत पान्यांचा दुसरा संसार लागतो. ब्लॉक झिजला तर बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालतात. त्याचीही मर्यादा संपली तर लायनर ठोकून पुन्हा ६८ वर आणतात. ही कामं ट्रॅक्टरचं इंजिन करणारा कोणताही तालुक्याचा वर्कशॉपवाला करील.

सापडत नाही ते दिसणारं. समोरची जाळी, तिच्यावरची अक्षरं, मागच्या दिव्यांची लाल-पिवळी काच, पुढच्या दारातली तिकोनी काच आणि तिचा छोटा खटका, स्टिअरिंगच्या मध्यावरचं हॉर्नचं बटण. टॅक्सीवाल्याला या वस्तू लागतच नव्हत्या. दिव्याची काच फुटली की तो बाजारात मिळेल ती चिकटवायचा, जाळी मोडली की पत्रा ठोकून घ्यायचा. म्हणजे बाजारानं या वस्तू कधी पुन्हा बनवल्याच नाहीत. आता काही तरुण मालक सिलिकॉनचा साचा करून रेझिनच्या काचा ओततात, काही जण जुना भाग स्कॅन करून थ्रीडी प्रिंट काढतात. पहिल्या उन्हाळ्यात ते प्रिंट डॅशबोर्डवर वाकतं, मग दुसरं प्लास्टिक वापरून बघतात. बंपरचं क्रोम हा आणखी एक विषय. चांगलं क्रोम म्हणजे आधी तांबं, मग निकेल, मग वरचा पातळ क्रोमचा थर. घाईत थेट क्रोम मारून दिलेला बंपर दिवाळीत आरशासारखा असतो आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच्या पोटातून तांबूस फोड येतात.

पत्र्याबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण गाडी विकत घेताना माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो आणि पत्र्यात बुडतो. डॉजला किंवा जुन्या रोल्सला वेगळी चासी असते. वरचा सांगाडा कुजला तरी खालची चासी गाडी पेलते. फियाट ११०० ला ती नाही. सगळा पत्राच मिळून गाडीचा सांगाडा. तेव्हा दाराखालचा सिल कुजला तर ते सौंदर्याचं दुखणं नव्हे, हाड मोडलेलं आहे. दारं उघडून बघावीत: दार उघडताना किंचित खाली बसत असेल तर बिजागरी झिजली म्हणून समाधान मानू नये, खांबाचा बुडखा तपासावा. डिकीतली चटई उचलावी. पुढच्या चाकाच्या वर, आतल्या बाजूला, चिखल साठणारा कप्पा असतो. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचावा. आणि खिशात एक चुंबक ठेवावं, रुमालात गुंडाळलेलं. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरली आहे. मुंबईच्या काही गाड्यांवर लांबी इतकी असते की पत्रा हे तिचं अस्तर वाटावं. यावर उपाय जुन्या पद्धतीचा डेंटर, जो कुजलेला तुकडा कापून त्याच मापाचा नवा पत्रा हातोडीनं घडवून शिवतो. अशी माणसं कमी होत चालली आहेत आणि जी आहेत त्यांना घाई केलेली चालत नाही. गाडी तीन महिन्यांत देतो म्हणणाऱ्यापेक्षा सांगता येत नाही म्हणणाऱ्याकडे द्यावी.

इंजिनाच्या आयुष्यात सगळ्यात जास्त नुकसान साध्या पाण्यानं केलं आहे. अॅल्युमिनियमचं हेड, बिडाचा ब्लॉक, मधून वाहणारं नळाचं किंवा बोअरचं खारं पाणी: दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आले की हेडच्या पाण्याच्या वाटा आतून खाल्ल्या जातात. मग गॅस्केट जातं, गाडी तापते, तापून हेड वाकतं. कूलंट घालणं हा एवढा साधा उपाय आहे की सांगायलाही संकोच वाटतो, पण पद्मिनीवाल्यांत तो अजून रुजलेला नाही. याच तापण्याचा दुसरा अवतार व्हेपर लॉक. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं बोरघाट चढताना मे महिन्यात बॉनेट उघडून, पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवून थांबलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. पंप इंजिनालाच चिकटलेला, तो तापला की आतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, आणि पंप वाफ ओढत बसतो. काही मालक टाकीजवळ कमी दाबाचा विजेचा पंप लपवून बसवतात. कट्टर मंडळींना हे पाप वाटतं. मला घाटात उभं राहण्यापेक्षा हे पाप परवडतं.

पेट्रोल हीच आता मोठी डोकेदुखी झाली आहे. २००० साली शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं तेव्हा जुन्या गाड्यांच्या व्हॉल्व्ह सीटा झिजतील अशी भीती होती. बिडाच्या हेडच्या गाड्यांत ती खरी होती. पद्मिनी त्यातून बऱ्यापैकी सुटली, कारण अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये मुळातच कठीण धातूच्या सीटा बसवाव्या लागतात. इथेनॉलनं मात्र कुणालाच सोडलं नाही. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो आणि लिटरमागे ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी. नव्या गाडीचा संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. सोलेक्सच्या जेटला भोक तेवढंच. मिश्रण पातळ होतं, गाडी अडखळते, जास्त तापते. यावर मेन जेट एक माप मोठा घालून बघतात. ते जमतं. पण जुना डायफ्राम फुगतो, कॉर्कचं गॅस्केट मऊ पडतं, आणि महिनाभर उभ्या गाडीत इथेनॉल हवेतलं पाणी ओढून टाकीच्या तळाशी बसतं. तिथून टाकी गंजते, आणि गंजाचा चुरा कार्बोरेटरमध्ये येतो. म्हणून गाडी ठेवायची तर टाकी भरून ठेवावी, आत हवेला जागाच राहू नये. डायफ्राम फ्लोरो-रबराचा शोधावा. आणि दर आठवड्याला गाडी गल्लीत उभ्या-उभ्या सुरू करून बंद करण्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदा नीट, इंजिन पुरतं गरम होईपर्यंत फिरवावी. उभ्या-उभ्या सुरू केल्यानं बॅटरीही भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

आता कागदपत्रं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, शिवाय महाराष्ट्रात हरित कर. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,००० झालं. दुसरी वाट २०२१ च्या केंद्रीय नियमांची: पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. आधीच नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये या रेषेपलीकडे गेल्या. पण या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. आजोबांची गाडी घेऊन गणपतीला गावी जाणाऱ्याला ही अट परवडत नाही, म्हणून पुष्कळ मालक दर पाच वर्षांची पायपीटच पत्करतात. मला त्यांचं बरोबर वाटतं. ही गाडी काचेमागे ठेवण्यासाठी कधी बनलीच नव्हती.

टॅक्सी गेल्यावर बाजारात जी पोकळी झाली, ती भरायचा प्रयत्न मालक आपसांत वर्गणी काढून करतात. दाराचं रबर बीडिंग हे त्यातलं नेहमीचं काम. रबर कारखान्याला डाय बनवून द्यावी लागते आणि तो एका गाडीपुरतं रबर काढून देत नाही. काही शे मीटर घेणार असाल तरच मशीन लावतो. मग गाड्या मोजायच्या, पैसे गोळा करायचे, आणि डाय कुणाच्या घरी राहणार यावर थोडं भांडायचं. पुढच्या काचेचं रबर वेगळं, मागच्या काचेचं वेगळं, डिकीचं तिसरं. यादीत नाव देण्याआधी आपल्या काचेच्या खाचेचं माप व्हर्नियरनं घ्यावं, टेपनं नव्हे, आणि शक्य असेल तर जुन्या रबराचा इंचभर तुकडा सोबत पाठवावा. डिलाइटवाल्यांनी पद्मिनीच्या मापावर विसंबून ऑर्डर देऊ नये. आधी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बघावेत, कारण आलेला माल कारखाना परत घेत नाही.